कोरड्या खडकांचा रीफ टँक : जीवाणू, शेवाळ आणि मधले डायनो

खाऱ्या पाण्यातली कोरल (प्रवाळ) वाढवायचा हा रीफ टँक १८० लिटरचा, खाली ५० लिटरचा सम्प (यंत्रं ठेवायची जोडटाकी). खडक-वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी २०० लिटरच्या आसपास, त्यामुळे खालचे सगळे डोस २०० लिटरच्या हिशेबाने आहेत. खडक १६ किलो, सगळे कोरडे. तळाला दोन बोटं जाडीची अरॅगोनाइट वाळू. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र), एलईडी लाइट, दोन पॉवरहेड (पाणी फिरवणारे छोटे पंप). कोरडा खडक घेतला तो एवढ्यासाठीच की त्याबरोबर नको असलेले पाहुणे येत नाहीत. हवे असलेलेही येत नाहीत, आणि पुढचे सहा-आठ महिने मी नेमकं तेच निस्तरत होतो.

५ जानेवारी

खडक ब्रशने घासून मोठ्या ड्रममध्ये साध्या आरओ पाण्यात बुडवून ठेवले. आत पॉवरहेड आणि हीटर, वर झाकण, प्रकाश अजिबात नाही. पाणी पहिल्याच रात्री पिवळसर झालं. कोरडा खडक म्हणजे स्वच्छ खडक नव्हे. त्याच्या छिद्रांत मेलेले स्पंज, किडे, शेवाळ वाळून बसलेलं असतं आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटलेलं असतं.

१३ जानेवारी

ड्रममधलं फॉस्फेट ०.४ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). पाणी पूर्ण बदललं. आम्लात बुडवण्याचा मार्ग अनेक जण घेतात, त्याने वरचा थर विरघळून फॉस्फेटही जातं. मी टाळलं. घरात आम्लाच्या वाफा नकोत आणि घाईही नाही.

२७ जानेवारी

तिसऱ्यांदा बदललेल्या पाण्यात आठवडाभर ठेवूनही फॉस्फेट ०.०८ च्या वर गेलं नाही. इतकं पुरे. खडक टँकमध्ये रचले. रचताना मागच्या काचेपासून हात जाईल एवढी जागा सोडली. शेवाळ खरवडायचं तर ब्रश सगळीकडे पोचला पाहिजे.

खारं पाणी ३५ पीपीटीला (किलोला ३५ ग्रॅम मीठ), तापमान २६ अंश. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर म्हणजे आरओ पाण्यावर जुळवला होता. ३५ पीपीटीचं प्रमाणित द्रावण घालून पाहिलं तर काटा ३३ वर. म्हणजे मी ३५ समजून ३७ चं पाणी तयार करत होतो. जिथे मोजायचं आहे तिथेच यंत्र जुळवायचं. दोन बादल्या गोडं पाणी घालून प्रकरण मिटलं, पण आत मासे असते तर इतक्या निवांतपणे मिटलं नसतं.

२८ जानेवारी

सायकल सुरू, म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू वाढवणं. अमोनियम क्लोराइड १.२५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरमध्ये २ पीपीएम अमोनिया. बाटलीतले नायट्रिफाइंग जीवाणू आधी जोरात हलवून मग ओतले, तळाशी बसलेला गाळ हाच मुद्देमाल असतो. स्किमर बंद, लाइट बंद. या जीवाणूंना प्रकाश लागत नाही, ऑक्सिजन भरपूर लागतो, म्हणून दोन्ही पॉवरहेड पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवले. अंधारात शेवाळालाही आयती सुरुवात मिळत नाही.

९ फेब्रुवारी

अमोनिया जवळजवळ शून्य, नायट्राइट किटच्या पट्टीबाहेर. नायट्रेट ५० दाखवतंय, त्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेक नायट्रेट किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करून रंग मोजतात, त्यामुळे पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर आकडा वाटेल तसा फुगतो. हिशेब साधा आहे: २ पीपीएम अमोनियाचं शेवटी ७ पीपीएमच्या आसपास नायट्रेट होतं. ५० येईल कुठून?

नायट्राइट पाहून पाणी बदलायचा मोह होतो. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की माशांच्या कल्ल्यांतून नायट्राइट फारसं आत शिरत नाही. गोड्या पाण्यातली भीती इथे आणायची गरज नाही. थांबलो.

२१ फेब्रुवारी

काल पुन्हा २ पीपीएम अमोनिया दिला, आज शून्य. नायट्राइटही शून्य. नायट्रेट १५, हिशेबाला धरून. सायकल झाली. क्लाउनफिशची जोडी सोडली, आठवड्याने लाइट सुरू, सहा तास, निळा जास्त आणि पांढरा कमी.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. सायकल झाली याचा अर्थ एवढाच की अमोनिया खाणारे आणि नायट्राइट खाणारे असे दोन प्रकारचे जीवाणू पुरेसे झालेत. खडकाचा बाकी सगळा पृष्ठभाग अजून मोकळाच आहे. कोरलाइन (खडकावर चढणारं कडक गुलाबी शेवाळ) नाही, स्पंज नाहीत, कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) नाहीत, शेकडो जातींचे इतर जीवाणू नाहीत. टँक चालू झाला म्हणून मी खूश होतो आणि तो मोकळा पृष्ठभाग मला दिसतच नव्हता.

१२ मार्च

डायटम, म्हणजे वाढायला सिलिकेट लागणारं सूक्ष्म शेवाळ. वाळूवर, काचेवर, पॉवरहेडवर तपकिरी भुकटी. बोटाने पुसली की लगेच जाते. हे येणारच होतं, पण जरा जास्तच आलं म्हणून आरओ/डीआयच्या (आरओनंतर रेझिनमधून गाळलेल्या) पाण्याची सिलिकेट टेस्ट केली. टीडीएस मीटर ० दाखवत असताना सिलिकेट सापडलं. विरघळलेली सिलिका या पाण्यात जवळपास विद्युतभाररहित असते, त्यामुळे टीडीएस मीटरला ती दिसत नाही, आणि डीआय रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी निसटते तीच. रेझिन बदललं.

ट्रोकस आणि सेरिथ गोगलगायी सोडल्या. ट्रोकस उलटी पडली तर स्वतः सुलटी होते, ॲस्ट्रियाला ते जमत नाही, पडली तिथेच मरते. रोज सकाळी गोगलगायी सुलट्या करत बसायचं नसेल तर ट्रोकसच घ्या.

२ एप्रिल

डायटम ओसरले. वरच्या दोन खडकांवर हिरवे केस दिसू लागले, अर्धा सेंटिमीटर. नायट्रेट ८, फॉस्फेट ०.१२. आतापर्यंत आत आलेली कोरल: टोडस्टूल लेदर, हिरवी स्टार पॉलिप, थोडी झोअँथिड. सगळी उघडलेली.

शेवाळाला खायला मिळू नये म्हणून जीएफओ (फॉस्फेट शोषणारं लोह ऑक्साइड) रिॲक्टर लावला, पाकिटावर लिहिलेली पूर्ण मात्रा घालून. स्किमर ओला (पातळ फेस बाहेर जाईल असा) चालवला, माशांचं खाणं निम्मं केलं.

९ एप्रिल

फॉस्फेट ०.००, नायट्रेट ०.५. हिरवे केस फिके पडून तुटताहेत. काच चार दिवस पुसावी लागली नाही. त्या दिवशी मी फोटो काढले होते. आता बघतो तर लेदर त्यातही अर्धवट मिटलेलं दिसतं.

२१ एप्रिल

वाळूवर आणि खडकांच्या टोकांवर शेंबडासारखे तपकिरी लोंबते धागे, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. डायटम परत आले असं समजून सायफन केला आणि ४० लिटर पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं होतं तसं, उलट जास्तच. तीन ट्रोकस वाळूवर पडून आहेत, नाकाशी धरल्या तर वास नाही, पण हलतही नाहीत. झोअँथिड पूर्ण बंद.

२४ एप्रिल

दोन गोष्टींनी संशय पक्का झाला. एक, सकाळी लाइट लागायच्या आधी वाळू जवळजवळ स्वच्छ असते आणि संध्याकाळी पुन्हा भरलेली. दोन, बाटलीची परीक्षा: थोडा मळ टँकच्याच पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवला, फिल्टर पेपरमधून गाळला, खाली आलेलं स्वच्छ दिसणारं पाणी काचेच्या पेल्यात लाइटखाली ठेवलं. तासाभरात त्या पाण्यात पुन्हा धागे जमले. डायटम किंवा सायनो (सायनोबॅक्टेरिया) असं करत नाहीत, डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय जीव) करतात. पेशी पेपरमधून सुट्या निघतात आणि पुन्हा एकमेकींना चिकटतात.

तरी सूक्ष्मदर्शकाशिवाय औषधाला हात लावायचा नाही असं ठरवलं. साधा शाळेतला, ४०० पट दाखवणारा पुरतो. एक थेंब, वर कव्हर स्लिप. थेंबाच्या ओघळासारख्या आकाराच्या गडद तपकिरी पेशी, एक टोक निमुळतं. त्या टोकाशी एक अदृश्य दोरी बांधल्यासारख्या जागच्या जागी गोल फिरतात, मध्येच सुटून पळतात, पुन्हा अडकतात. दोरी खरंच असते, त्यांच्याच चिकट द्रवाची. ही ओस्ट्रिऑप्सिस. गोगलगायी का पडल्या तेही कळलं: या जातीत पॅलिटॉक्सिनच्या कुळातली विषं असतात. यानंतर प्रत्येक वेळी हातमोजे, आणि सायफन सुरू करायला नळी तोंडात धरणं बंद. झोअँथिडमध्येही पॅलिटॉक्सिन असू शकतं. ती लागलेला खडक कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, वाफेनेच माणसं आजारी पडतात.

जात ओळखण्यावर इतका वेळ का घालवला? कारण ओस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला सुटते, म्हणजे यूव्हीतून (अतिनील प्रकाशाने पाण्यातल्या पेशी मारणाऱ्या यंत्रातून) जाते. वाळूत राहणारी ॲम्फिडिनियम रात्रीही वाळूतच असते, तिला यूव्हीचा पत्ताच लागत नाही. तपकिरी मळ बघून इलाज सुरू करणाऱ्यांचे महिने इथेच वाया जातात.

२६ एप्रिल

कारण उघड आहे. फॉस्फेट आणि नायट्रेट शून्यावर नेल्यावर हिरवं शेवाळ उपाशी मेलं, पृष्ठभागावर नुकते बसू लागलेले जीवाणूही उपाशी राहिले. डायनोंना तशा पाण्यात कोणी स्पर्धकच उरत नाही. त्यातल्या अनेक जाती प्रकाशावरही जगतात आणि दुसऱ्यांना खाऊनही. पाणी बदलून मी मोकळी झालेली जागा त्यांनाच देत होतो.

जीएफओ काढलं. पाणी बदल बंद. स्किमर दिवसातून निम्मा वेळ. आणि आता जे काढायला एवढी धडपड केली तेच विकत आणून घालायचं.

सोडियम नायट्रेट १.४ ग्रॅम म्हणजे २०० लिटरला ५ पीपीएम नायट्रेट. ट्रायसोडियम फॉस्फेटचं (बारा रेणू पाणी असलेलं) द्रावण: १ लिटर आरओ पाण्यात ४ ग्रॅम. यातल्या १ मिलीमध्ये जवळपास १ मिलिग्रॅम फॉस्फेट येतं, म्हणजे १० मिली घातले की टँकमध्ये ०.०५. दोन्ही खाद्य दर्जाचं किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्यायचं. बागेचं खत नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही. लक्ष्य: नायट्रेट १०, फॉस्फेट ०.१.

३० एप्रिल

नायट्रेट सरळ चढलं, ९ वर आहे. फॉस्फेट मात्र वेड लावतंय. रात्री १० मिली घालतो, तासाभराने मोजलं तर ०.०५, सकाळी ०.०१. पहिले दोन दिवस मला मीटर बिघडल्यासारखा वाटला. क्युव्हेट (मीटरची काचेची नळी) पुसून, बुडबुडे काढून, तेच पाणी दोनदा मोजून पाहिलं. मीटर नीट आहे. (फॉस्फरसचे पीपीबी, म्हणजे लिटरला मायक्रोग्रॅम, दाखवणारा मीटर असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा, तेव्हा फॉस्फेटचे पीपीएम मिळतात. अनेक जण हे विसरून तिप्पट चुकतात.)

फॉस्फेट खडक पितोय. जानेवारीत ड्रममध्ये हाच खडक फॉस्फेट सोडत होता. पाण्यात कमी असलं की सोडतो, जास्त झालं की धरतो. जीएफओने पाण्यातलं फॉस्फेट ओढलं तेव्हा खडकानेही आपला साठा सोडला, आणि तोही रिॲक्टरने गिळला. आता रिकामा झालेला खडक आधी स्वतः भरून घेणार आणि मगच पाण्यात आकडा टिकणार. उलट बाजूने हाच हिशेब ज्यांच्याकडे फॉस्फेट ०.५ आहे त्यांनाही लागू पडतो: जीएफओ बदलत राहतात, आकडा दोन दिवसांत परत चढतो, कारण पुरवठा खडकातून होत असतो.

डोस दिवसाला दोनदा १० मिली केला.

३ मे

यूव्ही बसवला. सम्पमध्ये नव्हे, थेट वरच्या टँकमधून पाणी घेऊन थेट तिथेच परत. सम्पमधून लावला तर पाण्याचा तोच भाग पुनःपुन्हा जातो आणि वरचे डायनो निवांत राहतात. मळ सायफन करताना पाणी फेकायचं नाही: नळी १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये सोडली, गाळलेलं पाणी सम्पमध्ये परत, सॉक लगेच धुवायला. विष शोषायला ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन, आठवड्याला बदलून.

आज संध्याकाळपासून तीन दिवस अंधार. टँकला काळा कागद सगळीकडून. यूव्ही आणि स्किमर चालू, कारण मेलेल्या पेशी कुजताना ऑक्सिजन खर्च होतो. माशांना थोडं खाणं कागदाची फट करून.

७ मे

कागद काढला. वाळू पांढरी. लेदर मिटलेलं, पण रंग ठीक. लाइट पहिल्या आठवड्यात चार तासच.

१६ मे

फॉस्फेट पहिल्यांदाच सकाळपर्यंत ०.०६ वर टिकलं. दिवसाला एकच डोस केला. खडकांवर धागे नाहीत. वाळूवर मात्र फिकट तपकिरी डाग आहेत, धागे नाहीत, बुडबुडे नाहीत. पुन्हा सूक्ष्मदर्शक. या वेळी अंडाकृती पेशी, पुढे छोटी वाकडी चोच, तरंगत सरकणाऱ्या. ॲम्फिडिनियम. बहुधा आधीपासून होती, ओस्ट्रिऑप्सिसच्या गर्दीत मला दिसली नाही. यूव्ही हिला निरुपयोगी.

हिच्यावर लोक डायटम सोडतात. वाळूवरची जागा आणि खत डायटमने घेतलं की ही मागे हटते. त्यासाठी सोडियम सिलिकेट घालून सिलिकेट १ ते २ पीपीएम ठेवायचं. मीही तेच सुरू केलं. मार्चमध्ये मी रेझिन बदललं होतं ते सिलिकेट येऊ नये म्हणून!

१९ मे

जे फेब्रुवारीत करायला हवं होतं ते आज केलं. एका ओळखीच्या माणसाच्या पाच वर्षं जुन्या टँकमधून मुठीएवढे दोन जिवंत खडक आणि वाटीभर वाळू आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून नव्हे, पाण्यात बुडवून, म्हणजे स्पंज हवेत उघडे पडून मरत नाहीत. खडक आधी वेगळ्या बादलीत हीटर-पंपावर ठेवले, रात्री लाल टॉर्चने तपासले. एका भेगेत ॲप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) दिसला, तो तुकडाच छिन्नीने उडवला. मग सम्पमध्ये. वाळू मात्र थेट वरच्या वाळूवर, ॲम्फिडिनियमच्या डागांवर पसरली.

बाटलीतले जीवाणू वाईट नाहीत, सायकल त्यांनीच केली. पण बाटलीत मोजक्या जाती असतात. जुन्या वाळूच्या वाटीत जे असतं ते कुठल्याच बाटलीत मिळत नाही: कोपेपॉड, किडे, कोरलाइनचे बीजाणू, मळ खाणारे आणि वाळूच्या खोल थरात नायट्रेटचा नायट्रोजन करणारे जीवाणू. पाहुणे येतील म्हणून घाबरायचं की रिकाम्या खडकावर सहा महिने भांडायचं, यात मला आता शंका नाही.

१० जून

रात्री टॉर्च मारला तर काचेवर पांढरे ठिपके धावताहेत. कोपेपॉड. वाळूवर डायटमची भुकटी, ॲम्फिडिनियमचे डाग उजव्या कोपऱ्यात तेवढे उरलेत. सिलिकेटचा डोस बंद केला, उरलेलं डायटम वापरून टाकतील.

आणि त्याच कोपऱ्याशेजारी जांभळट लाल पापुद्रा. चिमटीत धरला तर सलग चादरीसारखा उचलला जातो. सायनो. सूक्ष्मदर्शकात लांब, गाठीगाठींचे तंतू. हे शेवाळ नव्हे, जीवाणूच. डायनोंनंतर सायनो येणं मी चांगलं लक्षण धरलं. पाण्यात कोणाला तरी जगता येतंय.

बाजारात लाल पापुद्रा घालवणारी औषधं आहेत, दोन दिवसांत साफ करतात. त्यातली काही प्रतिजैविकंच असतात. महिनाभर जीवाणू वाढवायचे आणि मग प्रतिजैविक ओतायचं हे मला पटत नाही. सायफनने ओढून काढलं, डावा पॉवरहेड थोडा खाली वळवला, त्या कोपऱ्यात प्रवाहच पोचत नव्हता. चार-पाच वेळा ओढल्यावर परत येण्याचा वेग मंदावला.

६ जुलै

हिरवे केस परत. या वेळी नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०८, आणि हे आकडे मी हलवणार नाही. आकडे कमी दिसतात त्याचं एक कारण शेवाळच असतं. ते पाण्यातलं खाऊन बसलेलं असतं, किटला उरलेलं तेवढंच दिसतं. म्हणजे उपाय पाण्यात नाही, हातात आहे.

सायफनच्या नळीच्या तोंडाला दात घासायचा ब्रश बांधला. घासलेलं लगेच नळीत जातं, टँकभर पसरत नाही. लांब केस आधी बोटांनी उपटायचे, मग ब्रश. लांब वाढलेल्या शेवाळाला गोगलगायी तोंड लावत नाहीत, खुरटं करून दिलं की खातात. टक्सेडो अर्चिन (शेवाळ खाणारा काटेरी समुद्री जीव) आणला, तो आठवड्यात एक अख्खा खडक पांढरा करतो, पण सैल असलेलं काहीही डोक्यावर घेऊन फिरतो. झोअँथिडचा एक तुकडा दोन दिवस त्याच्या पाठीवर फिरत होता. कोरल नीट चिकटवल्याशिवाय अर्चिन आणू नका.

सर्वांत वाईट खडक पाण्याबाहेर काढून त्यावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावलं, दोन-तीन मिनिटांनी खाऱ्या पाण्यात धुऊन परत ठेवला. फेस येतो, दोन दिवसांत केस पांढरे होतात. थेट टँकमध्ये ओतू नका, कोळंबीला ते सोसत नाही.

सम्पमध्ये किटोमॉर्फा या शेवाळाचा गोळा ठेवला, लाइट रात्रीचा. वरचा दिवा बंद असताना खालचा चालू राहिला की रात्री पीएच फार घसरत नाही.

२९ जुलै

व्हिनेगर. जीवाणूंना कार्बन दिला की ते वाढतात, नायट्रेट-फॉस्फेट पोटात घेतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. कल्पना बरोबर आहे. दिवसाला ५ मिलीने सुरू केलं, आठवडाभर काही दिसेना म्हणून एकदम २० केलं. आज सकाळी पाणी दुधाळ आणि क्लाउनफिश पृष्ठभागाशी तोंड लावून. जीवाणूंच्या झुंडीने रात्रीत ऑक्सिजन खाल्ला. एअरस्टोन लावला, पॉवरहेड वर वळवला, दुपारपर्यंत मासे खाली आले. पाणी निवळायला तीन दिवस गेले.

व्हिनेगर बंदच केलं. नायट्रेट ४० असलेल्या टँकला याचा उपयोग आहे आणि तोही आठवड्याला एकदोन मिलीनेच वाढवून. माझ्याकडे ८ होतं. मी कशासाठी करत होतो, याचं उत्तर एवढंच की डोसिंग पंप रिकामा पडला होता.

१८ ऑगस्ट

पॉवरहेडच्या कडेला आणि मागच्या काचेवर गुलाबी-जांभळे ठिपके. कोरलाइन. ब्रश मारलेल्या खडकांवर केस परत येतात ते तुरळक. लेदरने कात टाकली आणि पूर्ण उघडलं. समोरची काच दोन-तीन दिवसांनी पुसतो. नायट्रेट ७, फॉस्फेट ०.०७, अल्कलिनिटी ८ डीकेएच, कॅल्शियम ४२०. नायट्रेट-फॉस्फेटचे डोस जूनअखेरीसच बंद झाले, माशांचं खाणं पुरतं. पाणी बदल पुन्हा सुरू, आठवड्याला २० लिटर.

खर्चाचं: सर्वांत जास्त गेलं ते टेस्ट किटवर आणि रेझिनवर. जीएफओ रिॲक्टर कपाटात पडून आहे, कधी लागला तर पाव मात्रेने आणि रोज मोजून. यूव्हीचे पैसे वसूल झाले, आता बंद आहे. सगळ्यांत उपयोगी खरेदी सूक्ष्मदर्शक. सगळ्यांत उपयोगी वस्तू, ती जुनी वाळू, फुकट मिळाली. वेळेचा हिशेब: एप्रिल ते जून पूर्ण डायनोंनी खाल्ले, आणि फॉस्फेट ०.१२ ला पाहून हातात ब्रश घेतला असता तर त्यातलं बरंचसं वाचलं असतं.

१४ सप्टेंबर

सम्पमधल्या जिवंत खडकावर चकचकीत हिरवा फुगा, वाटाण्याएवढा. व्हॅलोनिया, बुडबुड्यासारखं शेवाळ. मे महिन्यात खडक तपासताना बोटभर भेगेत राहिला असणार. आतमध्ये फोडला तर आतले बीजाणू पसरतात, म्हणून खडक बाहेर बादलीत घेतला आणि चपट्या पट्टीने मुळाखाली खरवडून अख्खा सोडवला. शेजारी टाचणीच्या डोक्याएवढे आणखी दोन, तेही काढले. वरच्या टँकमध्ये एकही दिसला नाही. व्हॅलोनिया खाणारा एमराल्ड क्रॅब इतक्यात आणणार नाही, दर रविवारी टॉर्च घेऊन तपासणार आणि आढळला तर इथे नोंदवणार.